पाठीवर सॅक, मागे मेंटेनन्स

वही घ्या. शंभर पानी, साधी, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती. एक्सेल नको. एक्सेलमध्ये एक आकडा बदलला की खालची बेरीज गुपचूप बदलते, आणि मग माणूस रात्री दोन वाजेपर्यंत हॉस्टेलचा खर्च पन्नास-पन्नास रुपयांनी खाली ओढत बसतो. शेवटी पोर्तुगाल परवडतं, पण फक्त स्क्रीनवर. वहीत खाडाखोड दिसते, आणि ती बघून दुसऱ्या दिवशी लाज वाटते. अंदाजपत्रकाला एवढी लाज पुरते.

हे मार्गदर्शन कोणासाठी, तेही आधी सांगतो. मीरा रोड किंवा भाईंदरला राहणारा, वन बीएचकेचा हप्ता भरणारा, सकाळी लोकलला लटकणारा आणि एके दिवशी चार-सहा महिने पाठीवर सॅक टाकून परदेशात भटकायचं ठरवणारा जो कोणी असेल, त्याच्यासाठी. ग्रुप टूरवाल्यांनी पुढचा लेख वाचावा. केसरी १९८४ पासून आणि वीणा वर्ल्ड २०१३ पासून मराठी माणसाला जग दाखवताहेत आणि तिथे अंदाजपत्रकाची भानगडच नसते. आकडा सांगतात, आपण भरतो, बसमध्ये आपापल्या जागेवर बसतो. नंतर स्वित्झर्लंडमध्ये कॉफी कितीला हे विचारायचीही गरज पडत नाही. सॅकवाल्याला मात्र स्वच्छतागृहात जाण्यापूर्वीसुद्धा हिशेब करावा लागतो, कारण युरोपातल्या कित्येक स्टेशनांवर त्याचेही पैसे पडतात.

पात्रतेची चिंता करू नका. मीरा-भाईंदरकराचं निम्मं प्रशिक्षण झालेलं असतं. सॅक छातीवर घेऊन उभं राहणं, तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मिळवणं, उभ्याउभ्या झोपून बरोबर अंधेरीला डोळे उघडणं, एका बादलीत आंघोळ उरकणं, हे सगळं जगातले लोक हॉस्टेलमध्ये जाऊन शिकतात. आठ खाटांच्या खोलीत पहिल्यांदा शिरलेला जर्मन मुलगा घाबरतो. आपल्याला तिथे एवढी मोकळी जागा पाहून संकोच वाटतो.

सराव म्हणून एक दिवस परदेशी जाऊन या. भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवरून वसईची रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ पासून सुटते, खाडी ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, तेव्हा परदेशच म्हणायचा. तसं पाहिलं तर तुमचं घोडबंदर आणि उत्तनजवळचा धारावी किल्लाही त्यांच्याचकडे होता. चिमाजी अप्पांनी मोहीम काढली नसती तर आज तुम्हाला शेंगेन व्हिसाची गरज पडली नसती, पण आता त्याचं काही करता येत नाही. खिशात फक्त दोनशे रुपये ठेवा, यूपीआय बंद ठेवा, किल्ला फिरा, वसईची सुकेळी घ्यायचा मोह होईल तो तपासा, आणि संध्याकाळी परत येऊन वहीत प्रत्येक रुपया लिहा. वीस-तीस रुपये कुठे गेले ते आठवणार नाही. ते ‘किरकोळ’ या खात्यात टाकाल. दोनशेत तीस म्हणजे पंधरा टक्के. तुमच्या सहा लाखांच्या अंदाजपत्रकात ही किरकोळ नव्वद हजारांची होते.

आता पहिलं पान. त्यावर ‘बँकॉक’ लिहायचं नाही, ‘तिकीट’ही लिहायचं नाही. वर ‘घर’ लिहा.

इथेच बहुतेकांचा हात थबकतो. भटकंतीचं अंदाजपत्रक करायला बसलेला माणूस हनोईतल्या खाटेचा भाव तोंडपाठ सांगतो, पण आपण नसताना आपलं घर महिन्याला किती खातं हे त्याला ठाऊक नसतं. गृहकर्जाचा हप्ता. सोसायटीचा मेंटेनन्स. घर बंद असलं तरी येणारं विजेचं स्थिर शुल्क. विम्याचे हप्ते, एसआयपी, आईबाबांची औषधं, धाकट्याची फी, गाडी असेल तर तिचा विमा. भिशी विसरू नका. भिशीत नाव असेल आणि तुमचा नंबर लागून गेला असेल, तर उरलेले हप्ते भरल्याशिवाय मजल्यावरच्या काकू तुम्हाला दहिसर ओलांडू देणार नाहीत. पतपेढीच्या दैनिक ठेवीवाल्यालाही सांगून ठेवा, नाहीतर तो रोज संध्याकाळी येऊन बेल वाजवेल आणि शेजाऱ्यांना तुम्ही कुठे गेलात याची आठवण देत राहील.

आणि मोबाइल नंबर. परदेशात तिथलं सिम घ्याल, ते घ्याच. पण इथला नंबर रिचार्ज करून जिवंत ठेवा, रोमिंग सुरू ठेवा, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. नंबर बंद पडला तर खात्यात पैसे असूनही तुम्ही लाओसमध्ये कंगाल. हा खर्च सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा.

घर भाड्याने द्यायचा विचार येईल. चांगला विचार आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार करा, तो नोंदवा, नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्या. सोसायटी बिनवापर शुल्क लावेल, ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हे सेक्रेटरींना नम्रपणे सांगा. नम्रपणेच सांगा, कारण तुमचं कुरिअर तेच घेणार आहेत. सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतो. बेडरूममध्ये कपाट, गाद्या, देव्हारा, मिक्सर आणि आजीची पितळी भांडी कोंबून कुलूप लावलंत तर भाडेकरूला वन बीएचकेच्या भाड्यात वन आरके मिळेल, आणि तो तुमच्यापेक्षा हुशार असतो.

समजा भाडं अठरा हजार ठरलं, म्हणजे दिवसाला सहाशे रुपये. हनोईत त्यात डॉर्मिटरीतली खाट निघते, जमलं तर सकाळचा वाडगाभर फो पण. इथपर्यंत लोक येतात आणि खूश होऊन वही मिटतात. उघडा. हेच अठरा हजार तुम्ही मागच्या ओळीत गृहकर्जाच्या हप्त्यासमोरही लिहिले आहेत. एकच भाडं दोनदा धरणं ही नवशिक्याची खूण आहे. या वहीत काही वाया घालवायचं नसेल तर एवढं करा: भाडं हप्त्याला जाणार की हनोईला, हे आत्ता ठरवा आणि दुसऱ्या ठिकाणची ओळ लाल पेनने खोडा.

दुसऱ्या पानाचे दोन उभे रकाने पाडा. डावीकडे दाखवायचे पैसे, उजवीकडे खर्चायचे पैसे. हे दोन्ही एकच, असं समजणारा माणूस व्हिसाच्या खिडकीवर उभा राहून शहाणा होतो.

शेंगेनचं घ्या. अर्जाची फी जून २०२४ पासून नव्वद युरो, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा हवा. बँकेची विवरणपत्रं शिक्क्यासह, आयकर विवरण, कचेरीचं रजापत्र, राहण्याची आरक्षणं. एवढं करून मुक्काम किती, तर कुठल्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस. आता या खात्यात जे पैसे दिसायला हवेत ते तुम्ही तिकिटात घालून बसलात तर काय दाखवणार? म्हणून डोंबिवलीचे काका मदतीला येतात. ते आठवड्यासाठी चार लाख टाकतात, विवरणपत्र छापलं की परत घेतात. महिना चाळीस हजार पगाराच्या खात्यात मंगळवारी अचानक अवतरलेले चार लाख व्हिसा अधिकाऱ्याला दिसत नाहीत, असं काकांना वाटतं. त्याची नोकरी नेमकी तेच बघण्याची आहे. दाखवायचे पैसे निदान सहा महिने आधीपासून खात्यात मुरू द्या, आणि ते दाखवून झाल्यावरही हात लावू नका. त्यांचं काम पुढे आहे, शेवटच्या पानावर.

पासपोर्टचा खर्च किरकोळ: छत्तीस पानी दीड हजार, साठ पानी दोन हजार, मुदत दहा वर्षं. साठ पानीच घ्या. पाचशे रुपये वाचवून ज्याची पानं शिक्क्यांनी भरली त्याला मी अजून भेटलेलो नाही, पण निघताना प्रत्येकाला आपण तो असणार असं वाटतं, तर वाटू द्या.

रिझर्व्ह बँक मोठ्या मनाची झाली आहे. उदारीकृत प्रेषण योजना २००४ साली सुरू झाली तेव्हा वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर नेता येत होते, आता अडीच लाख डॉलर नेता येतात. साठच्या दशकात शिकायला निघालेल्या मुलांच्या खिशात अधिकृतपणे आठ डॉलर असायचे, आणि त्या पिढीतला प्रत्येक जण ते आठ डॉलर लग्नाच्या पंगतीत आजही ऐकवतो. तुम्हाला ऐकवायला असं काही उरलेलं नाही. मर्यादा आता रिझर्व्ह बँकेची नाही, तुमची आहे. नोटांच्या स्वरूपात मात्र एका खेपेला साधारण तीन हजार डॉलरच, बाकीचे कार्डावर. भारतीय रुपये पंचवीस हजारांपर्यंत सोबत ठेवता येतात, परतीच्या रिक्षासाठी. परकीय चलन घेताना एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या आत राहिलात तर एप्रिल २०२५ पासून त्यावर उगमस्थानी करवसुली होत नाही. पॅकेज टूरवर ती पहिल्या रुपयापासून होते. ग्रुप टूरवाल्यांसमोर शेखी मिरवायला सॅकवाल्याकडे जे थोडे मुद्दे आहेत त्यातला हा एक.

पैसे आणायचे कुठून, याबद्दल आपल्याकडे जुने जाणकार आहेत, त्यांना विचारू.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घर सोडून निघाले ते डोक्यावर कर्ज होतं म्हणून. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, कर्ज फिटेल, असं अंदाजपत्रक. उत्पन्नाची बाजू ठोस, सोबत अनुभवी काका. फक्त वर्ष चुकलं. बंड पेटलं, झाशीत अडकले, मिळवलेलं लुटलं गेलं, आणि घरी परतले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. नवशिक्याने यातून घ्यायचं ते इतकंच की सगळे पैसे एकाच कंबरपट्ट्यात ठेवू नयेत. दुसरी गोष्ट प्रवास लिहून पैसे मिळवू पाहणाऱ्यांसाठी: त्यांचं ‘माझा प्रवास’ छापून आलं १९०७ साली, तेव्हा ते हयात नव्हते. ‘प्रवासवर्णनाचं मानधन’ ही जमेची ओळ तुम्ही लिहिली असेल तर तीही लाल पेनने.

पंडिता रमाबाईंनी मात्र ही ओळ वसूल करून दाखवली. ‘स्त्रीधर्मनीति’ १८८२ साली लिहिलं, त्याच्या विक्रीतून इंग्लंडचं भाडं उभं केलं आणि १८८३ मध्ये लहान मुलीला घेऊन बोटीवर चढल्या. आधी पुस्तक, मग प्रवास. पुढे अमेरिकेत व्याख्यानं दिली, १८८७ साली तिथेच इंग्रजी पुस्तक छापलं, आणि परत आल्या ते मुंबईत शारदा सदन काढण्याइतकं पाठबळ घेऊन. भारतातून निघून, परदेशात कमावून, उरलेलं घेऊन परतण्याचा हा प्रयोग इतका नेटका कोणी केल्याचं मला दिसत नाही, आणि तोही एकट्या विधवा बाईने, एकोणिसाव्या शतकात, मागे पुण्यातल्या सनातन्यांची टीका चालू असताना. आज मात्र हा मार्ग जसाच्या तसा घेता येत नाही. पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन काम करणं बेकायदा आहे, हॉस्टेलमध्ये खाटेच्या बदल्यात भांडी घासणंही अनेक देशांत त्याच सदरात मोडतं. कायदेशीर वाट हवी असेल तर ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून अठरा ते तीस वयाच्या भारतीयांसाठी काम-आणि-सुट्टीचा व्हिसा ठेवला आहे, वर्षाला एक हजार जागा, सोडतीने. ब्रिटनची तीन हजार जागांची तरुण व्यावसायिक योजनाही सोडतीचीच, तिथे २,५३० पौंड खात्यात दाखवावे लागतात. म्हाडाच्या सोडतीला अर्ज करून करून ज्यांची मनं मजबूत झाली आहेत त्यांनी जरूर भरावेत.

आणि ज्यांना सहा महिने म्हणजे फार वाटतात त्यांच्यासाठी: १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. तिघांनी फेरी पूर्ण केली, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. मार्च १९२८ मध्ये परतले, सुमारे ७१,००० किलोमीटर मारून. इंधनाचा खर्च शून्य.

आता देश निवडा. यासाठी ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिक १९८६ पासून बिग मॅकच्या भावावरून चलनं मोजतं. आपण वडापावावर मोजू. स्टेशनबाहेरचा वडापाव वीस रुपये धरा. युरो शंभर रुपयांच्या आसपास, म्हणजे पॅरिसमध्ये चार युरोंची कॉफी वीस वडापाव. झुरिकमधलं पंचवीस फ्रँकांचं साधं जेवण सव्वाशेच्या वर वडापाव, हा हिशेब भरल्या ताटावर करू नका, घास उतरत नाही. व्हिएतनाममध्ये उलटं होतं. रुपयाला तीनशेच्या जवळ डोंग मिळतात, माणूस एका एटीएममध्ये लक्षाधीश होतो, आणि त्या आनंदात पाच लाखांची नोट पन्नास हजारांची समजून देऊन टाकतो. शून्यं मोजायची सवय आधी घरी करा.

पूर्वेकडे जा, असा माझा सल्ला आहे, तो पटला नाही तरी चालेल. व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वद दिवसांपर्यंतचा, एका प्रवेशाला पंचवीस डॉलर. नेपाळला व्हिसाच लागत नाही आणि तिथे यूपीआयही चालतं; यूपीआय भूतान आणि श्रीलंकेतही चालतं. भूतान स्वस्त असा समज करून जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की भारतीयांना तिथे दर रात्रीचं १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं. महिना काढायचा म्हटला तर छत्तीस हजार नुसते झोपण्याचे, खाट वेगळी.

रोजचा खर्च ठरवताना सगळे खाण्याकडे बघतात. खाण्याने कोणी बुडत नाही. बुडतात ते हलण्याने. प्रत्येक सीमा ओलांडली की व्हिसा, बस, नवं सिम, चलन बदलताना गेलेले टक्के, पहिल्या रात्री घाईत घेतलेली महाग खोली आणि स्टेशनवरच्या टॅक्सीवाल्याची गुरुदक्षिणा. चार महिन्यांत बारा देश करणाऱ्याचा दिवस, तेवढ्याच काळात तीन देशांत राहणाऱ्याच्या दिवसापेक्षा कितीतरी महाग पडतो. एका गावात दोन आठवडे राहिलात तर खोलीवाली बाई आपणहून भाव कमी करते, भाजीवाला ओळखतो, तिसऱ्या दिवसापासून तुम्ही स्थानिक दराने चहा पिता. पण बारा देशांचे बारा झेंडे सॅकवर शिवायचे असतात, त्याला इलाज नाही. झेंडे फोर्टच्या फुटपाथवर मिळतात, तिथूनच घ्या.

कार्डाची गोष्ट थोडक्यात. आपली बहुतेक क्रेडिट कार्डं परदेशी व्यवहारावर साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात, वर जीएसटी. प्रवासासाठीचं फॉरेक्स कार्ड किंवा अधिभार नसलेलं कार्ड आधी शोधा. आणि तिकडच्या मशीनने ‘रुपयांत भरायचे का’ असं आपुलकीने विचारलं तर नाही म्हणा. ती आपुलकी दरात कापून घेतात. नेहमी तिथल्याच चलनात भरा.

सॅकचं वजन हाही पैशाचाच विषय आहे. स्वस्त विमानांत हातातलं सामान साधारण सात किलोपर्यंत, पुढे किलोकिलोने पैसे. तुम्ही सात किलो भरता आणि दार लावून झोपता. सकाळी ते अकरा होतात. मेतकूट, लाडू, भाजणी, भाईंदरच्या शेजारच्या गुजराती मावशींनी खास तुमच्यासाठी लाटलेले थेपले आणि खाकऱ्याचं आख्खं पाकीट. थेपले घ्या, त्यांनी पहिला आठवडा निघतो आणि हॉस्टेलमध्ये मित्र मिळतात. स्टीलचा कडीचा डबा घेऊ नका, तो भाईंदर पूर्वेच्या कारखान्यातला असला तरी. उत्तनच्या नातेवाइकांनी वलांडीवरचे खणखणीत वाळलेले बोंबील दिले तर त्यांना प्रेमाने वंदन करून ते घरीच ठेवा. आठ खाटांच्या खोलीत बोंबलाचं पाकीट उघडल्यास पुढच्या रात्री बाकीच्या सातही खाटा रिकाम्या होतील, हा लाभ क्षणभर मोहात पाडतो खरा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जात घोषित करावी लागते. लपवलेल्या लाडवाचा दंड लाडवाच्या घाण्याहून मोठा असतो.

नातेवाईक हे स्वतंत्र खातं. निघण्याआधी सत्यनारायण, त्याचा प्रसाद, औक्षणाला आलेल्या आत्यांना साड्या नाहीत तरी ब्लाउजपीस. मग याद्या येतात. चॉकलेट, परफ्यूम, ‘तिकडे स्वस्त मिळतो म्हणे’ असा फोन. तुम्ही लाओसला चालला आहात हे सांगून उपयोग नसतो. परदेश म्हणजे परदेश. या खात्यात पंधरा हजार ठेवा आणि ते परतीच्या आदल्या दिवशी बँकॉकच्या बाजारात एकदाच खर्च करा. आधी घेतलंत तर चार महिने पाठीवर वागवाल. न्यू जर्सीची मावशी मात्र जमेच्या बाजूला. तिच्याकडे आठवडाभर राहिलात तर जेवण, कपडे धुणं आणि सल्ला फुकट. आठवड्यानंतर फक्त सल्ला उरतो.

विमानतळ. ही ओळ लोक ‘टॅक्सी’ म्हणून एका शब्दात उरकतात. लक्षात घ्या, आपली पहिली सरहद्द दहिसर चेकनाक्यावर आहे. ठाणे जिल्ह्याची रिक्षा पलीकडे जात नाही, उतरून मुंबईची धरावी लागते. हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, रांग तशीच आहे. लोकलने अंधेरी गाठून तिथून सहारला रिक्षा करणं सगळ्यात स्वस्त, पण विमानं सुटतात पहाटे तीनला, आणि त्या वेळी लोकल झोपलेल्या असतात. म्हणजे रात्री दहाच्या लोकलने निघायचं आणि टर्मिनल दोनवर जवळजवळ चार तास बसायचं. पाणी रिकाम्या बाटलीत आत गेल्यावर भरा. तिथला वडापाव खाऊ नका. आपण इतक्या काळजीने उभारलेला निर्देशांक तो एका घासात मोडतो.

राहिलं शेवटचं पान. ते शक्यतो पहिल्याच दिवशी भरा, कारण नंतर भरायची इच्छा होत नाही. त्यावर लिहा, ‘परत आल्यानंतरचे तीन महिने’. तुम्ही ऑगस्टमध्ये उतराल, भाडेकरूचा करार ऑक्टोबरपर्यंत असेल, म्हणजे दोन महिने भावाकडे. कचेरीने बिनपगारी रजा दिली असेल तर पहिला पगार उतरल्यापासून महिन्याने. राजीनामा दिला असेल तर मुलाखती, लोकलचा पास, इस्त्रीचे कपडे, दंतवैद्य, कारण परदेशात दात दुखला तरी तुम्ही तो भारतात येईपर्यंत दाबून ठेवलेला असतो. वर सोसायटीची तिमाही बिलं, आणि गणपती नेमका याच दिवसांत. मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या अंदाजपत्रकांत परदेशाचा एकही आकडा चुकलेला नव्हता. हे पान कोरं होतं. दुसऱ्या पानावर ज्या दाखवायच्या पैशांना हात लावू नका म्हटलं होतं, ते इथे लिहा.

हे पान भरलं गेलं नाही तर तिकीट काढू नका, निदान परतीचं तरी तारीख बदलता येईल असं घ्या. आणि आज रात्री आईच्या कपाटातून पासपोर्ट काढून त्याची मुदत बघा: बरेच देश प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिने शिल्लक मागतात.